लय, गोंधळ आणि सकाळची गोळी

मिरज,
रविवार, रात्री

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिबिरात फोन काढून घेतात असं दादाने सांगितलं, म्हणून पत्र. गुरुवारच्या भांडणावर काही लिहिणार नाही. आईने बजावलंय की तुझ्या अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, गोळ्यांचा विषय काढायचा नाही, पोरगी मोठी झाली आहे. बरं, नाही काढत. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. "निसर्गात सगळीकडे लय आहे, बाबा. गोंधळ फक्त माझ्या मेंदूत आहे. तो मला लयीत आणायचाय, आणि गोळी आड येते."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं बरोबर उलटं आहे. ते उलटं का, एवढ्यासाठीच हे पत्र. तिसऱ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.

जाण्याआधी तू तो व्हिडिओ पाठवला होतास. पत्र्यावर रांगोळी पसरलेली, कुणीतरी ॐकार लावतं आणि बघता बघता आकृती उमटते. ती आकृती खरी आहे, तिच्यात फसवणूक नाही. एर्न्स्ट क्लाड्नी नावाच्या जर्मन माणसाने १७८७ साली अशा आकृत्या छापून प्रसिद्ध केल्या होत्या. तू हे स्वतःच्या हातांनी करून बघावंस म्हणून सोबत पितळी पत्रा पाठवतोय. चौरस आहे, साधारण २० सेंटिमीटरचा, एक मिलिमीटर जाड, मधोमध भोक. भोकात बोल्ट घालून खाली-वर वॉशर लावायचा आणि लाकडी ठोकळ्यावर घट्ट कसायचा. कडा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. कुठे टेकल्या तर आवाज मरतो. व्हायोलिनचा गजही पार्सलमध्ये आहे, आपल्या सतारमेकर गल्लीतून आणलेला. त्याला राळ नीट घास, नाहीतर गज नुसता सरकतो आणि पत्रा बोलतच नाही.

रांगोळी अगदी बारीक घेऊ नकोस. मैद्याच्या चाळणीतून चाळून वर जी राहील ती वापर. पिठासारखी बारीक भुकटी घेतलीस तर ती भलत्याच ठिकाणी गोळा होईल, कारण पत्र्याच्या हलण्याने वर हवेचे छोटे भोवरे उठतात आणि हलकी भुकटी त्यांच्याबरोबर ओढली जाते. हे फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये दाखवलं. ओलसर रांगोळी चिकटून बसते, म्हणून आधी तव्यावर कोरडी करून घे. चिमूटभर पुरे. जास्त घातलीस तर ढीग होतो आणि रेषा दिसत नाहीत.

आता एका कडेच्या मध्यावर बोट हलकेच टेकव आणि कोपऱ्याजवळ गज वरून खाली ओढ. रांगोळी सरकून अधिकचं चिन्ह होईल, समोरासमोरच्या कडांचे मध्य जोडणारं. मग बोट कोपऱ्यावर ठेव आणि कडेच्या मध्यावर गज ओढ. आवाज चढेल आणि फुली उमटेल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पत्रा तोच, रांगोळी तीच, हातही तुझाच. बोट कुठे टेकलं यावर आकृती ठरली. पत्र्याचा आकार, जाडी, तो कुठे धरलाय आणि स्वर किती उंच आहे, एवढ्या गोष्टी तिथे चालतात. गोल पत्रा असेल तर वर्तुळं आणि व्यास येतात. श्रीयंत्राचे एकमेकांत गुंफलेले नऊ त्रिकोण मात्र सरळसाध्या पत्र्यावर येत नाहीत, कुठलाही शब्द उच्चारला तरी. ॐकाराचं जे काम आहे ते तुझ्या श्वासात आणि चित्तात होतं. त्याला पत्र्याची साक्ष लागत नाही, आणि अशी साक्ष काढणारे ॐकाराला लहान करतात असं मला मनापासून वाटतं.

आणि एक बघ. रेषा जिथे उमटते तिथे पत्रा स्थिर असतो. रांगोळीचे कण उडून उडून तिथे येऊन थांबतात. बाकी सगळा पत्रा थरथरत असतो, आपल्याला दिसते फक्त न थरथरणारी जागा. आकृती हवी तर दोन्ही लागतं, हलणारं आणि न हलणारं.

तू काढलेलं श्रीयंत्र अजून देवघरात आहे. आजी गेल्या त्या वर्षी काढलंस ना, दिवाळीच्या सुट्टीत, जेवायला हाक मारली तर "थांबा, मर्म जुळत नाही" म्हणायचीस. त्या कागदाबद्दल मला किती अभिमान आहे हे तुला कधी सांगितलं नसेल. व्यासाचे ४८ भाग, आणि ६, १२, १७, २०, २३, २७, ३०, ३६, ४२ या खुणांवर आडव्या रेषा. नऊ त्रिकोण, चार वर तोंड केलेले, पाच खाली. त्यांच्या छेदातून त्रेचाळीस छोटे त्रिकोण. तीन रेषा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत अशी अठरा मर्मं. तुझा त्रास तिथेच होता आणि तो त्रास खरा होता. या पारंपरिक मापांनी काढलं तरी सगळी मर्मं तंतोतंत बसत नाहीत. एक रेषा केसभर खाली घेतली की तिच्यावरचे बाकीचे छेद सुटतात, ते सावरायला गेलं की पलीकडचं मर्म उघडं पडतं. नऊच्या नऊ रेषा एकमेकींत अडकलेल्या आहेत. पेन्सिल जाड असेल तर चूक झाकली जाते, म्हणून तू बारीक टोकाची मागितली होतीस. अशा यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाचं मन एकाग्र होतं यात मला नवल वाटत नाही. एका जागी केलेला लहानसा बदल कुठवर पोचतो हे तुझ्या बोटांना तेव्हाच कळलं होतं.

तसाच एक लहानसा बदल म्हणजे एका दिवसाची गोळी. लिहिणार नव्हतो. सोड.

सूर्यफुलाकडे येतो, कारण तुमच्या शिबिराच्या माहितीपत्रकावर तेच छापलंय, खाली "सोनेरी गुणोत्तर, ईश्वराची सही" असं. सोनेरी गुणोत्तर म्हणजे सुमारे १.६१८ हा आकडा. मोजायचं कसं ते लिहून ठेव. पाकळ्या गळू लागलेलं, बी भरलेलं फूल घे. काठाजवळच्या एका बीवर लाल स्केच पेनने ठिपका दे. तिथून उजवीकडे वळत आत जाणारी रांग रंगव, मग शेजारची निळी, पुन्हा लाल, पूर्ण वळसा होईपर्यंत. लोक चुकतात ते इथे. अर्ध्यात रांग बदलतात, किंवा काठावर मोजायला सुरुवात करून मध्याशी संपवतात. रांगांची संख्या आत आणि बाहेर वेगळी असते, म्हणून एकाच वर्तुळावर राहायचं. मग डावीकडे वळणाऱ्या रांगा. बहुतेक वेळा ३४ आणि ५५ येतील, मोठं फूल असेल तर ५५ आणि ८९. हे फिबोनाचीच्या माळेतले आकडे, १, २, ३, ५, ८, १३ अशी मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाणारी माळ. नेहमीच येतील असं नाही. ब्रिटनमध्ये लोकांनी लावलेल्या ६५७ सूर्यफुलांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साधारण चारातल्या तीन मोजण्या या माळेत बसल्या, उरलेल्या बसल्या नाहीत. ती न बसणारी फुलंही उगवली, फुलली आणि त्यांनीही बी धरलं.

ही माळ आपल्याकडे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या आधी होती हे तुमच्या गुरुजींचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते सांगताना तुझा आवाज कसा उजळला होता ते मी ऐकलं. फक्त ती फुलांवरून आलेली नाही, छंदावरून आली. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रांचा चरण पाच प्रकारे बांधता येतो, पाच मात्रांचा आठ प्रकारे, सहा मात्रांचा तेरा प्रकारे, कारण शेवटचं अक्षर लघू असेल किंवा गुरू असेल, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. हेमचंद्राने हे सुमारे ११५० मध्ये लिहून ठेवलंय, आणि तो जैन मुनी होता. अध्यात्म आणि गणित एकाच माणसात नांदल्याचं उदाहरण हवं असेल तर हे घे. शिंपल्याचं घेऊ नकोस. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शिंपला एका पूर्ण वळशात सुमारे तिप्पट वाढतो, सोनेरी गुणोत्तरावर बेतलेलं सर्पिल ६.८५ पट वाढलं पाहिजे. तो शिंपला आपल्या जागी सुंदर आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा आकडा लादायला नको.

फुलात हे घडतं कसं, ते मला तुला सांगायचंय. रोपाच्या टोकाशी नवा अंकुर फुटतो तो आधीच्या अंकुरांपासून जास्तीत जास्त मोकळ्या जागी. ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य जुने अंकुर आपल्याकडे ओढून घेतात, म्हणून त्यांच्या लगत नवा फुटत नाही. प्रत्येक नव्याला आधीच्यांपासून लांब राहायचंय, बस. १९९२ मध्ये दुआदी आणि कुडे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी रोप बाजूलाच ठेवलं. तेलाच्या बशीत चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक मध्यावर सोडले. थेंब एकमेकांना ढकलत काठाकडे सरकत गेले. थेंब पुरेसे भरभर पडू लागले तेव्हा लागोपाठच्या दोन थेंबांमधला कोन आपोआप १३७.५ अंशांजवळ येऊन थांबला. थेंबांना फूल माहीत नव्हतं.

आता तो कोन कागदावर काढ. शिबिरात रिकामा वेळ असेलच. मध्यबिंदू घे, कोनमापकाने दर वेळी १३७.५ अंश पुढे जा, आणि अंतर घे क्रमांकाच्या वर्गमुळाच्या चौपट मिलिमीटर. पहिला ठिपका ४ मिलिमीटरवर, दुसरा ५.७, तिसरा ६.९, चौथा ८, शंभरावा ४० वर. दीडशे ठिपक्यांत सूर्यफूल दिसू लागेल. मग दुसऱ्या कागदावर कोन १२० कर, अगदी पूर्ण, सरळ, नीटस. सगळे ठिपके तीन रेघांत जाऊन बसतील आणि मधली सारी जागा रिकामी. ९० घेतलास तर चार रेघा. कोन वर्तुळाच्या साध्या अपूर्णांकाशी जुळला की बिया एकमेकींच्या मागे रांग लावतात आणि फूल वाया जातं. १३७.५ चा गुण हाच की तो कुठल्याच साध्या अपूर्णांकाच्या जवळ जात नाही. पुन्हा त्याच जागी येत नाही, म्हणून फूल भरतं.

मुक्ता, इथे थांब आणि पुन्हा वाच. ज्या आकृतीला तुम्ही लय म्हणता ती एकसारखेपणा टाळून झाली आहे.

मी पुन्हा फळ्यासमोर उभा राहिलो ना? तुला ते आवडत नाही. "बाबा, प्रत्येक गोष्टीचा तास घेऊ नका." माफ कर, पण अजून एक करून बघायला सांगतो, हे शेवटचं. साधा कॅल्क्युलेटर घे. शून्य आणि एकच्या मधली एक संख्या. तिला एकमधून वजा करून आलेल्या संख्येने गुण, मग ठरलेल्या एका आकड्याने गुण. उत्तर आलं की त्याच्यावर पुन्हा तेच. ठरलेला आकडा २.८ ठेवलास तर काही फेऱ्यांनी उत्तर ०.६४३ वर येऊन बसतं आणि हलत नाही. ३.२ ठेवलास तर ०.५१३ आणि ०.७९९ अशी दोन उत्तरं आलटून पालटून. ३.५ ला चार. आणि ४ ठेवलास तर काहीच ठरत नाही. ०.३ पासून निघ, दहाव्या फेरीला ०.०४३ येतं. ०.३०१ पासून निघ, दहाव्या फेरीला ०.६२०. पाचव्या फेरीपर्यंत दोन्ही वाटा बरोबर चालतात, मग फुटतात. मधले आकडे गोल करून लिहिलेस तर उत्तरं आणखी वेगळी येतील. हवामानाचं गणित करताना एडवर्ड लॉरेंझला १९६१ मध्ये हेच दिसलं, ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ भरल्यावर. आणि कॅल्क्युलेटरवरच्या या सूत्राकडे रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये सगळ्यांचं लक्ष वेधलं, प्राण्यांची संख्या वर्षागणिक कशी बदलते ते मांडताना.

नियम एकच होता, एका ओळीचा. त्यात नशीब नाही, फासे नाहीत. त्याच नियमातून स्थिर उत्तर आलं, ताल आला आणि ज्याला तू गोंधळ म्हणतेस तोही आला. लय देवाची आणि गोंधळ माझा, अशी वाटणी तू कुठून केलीस? हे तुला कुणी शिकवलं असेल तर मला त्याचा फार राग येतो. लहानपणी तू मळ्यात पहिला पाऊस बघायचीस तेव्हा थेंब मोजायचीस आणि मोजणं हुकलं की टाळ्या वाजवायचीस. देव तेव्हा तुला हुकलेल्या थेंबातही दिसत होता.

आता तुझ्या मेंदूचं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या मेंदूच्या लहरी टिपून १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्याला दिसलं ते असं: डोळे मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या लहरी सेकंदाला आठ ते तेरा, चांगल्या तालात. डोळे उघडले, कशाकडे लक्ष गेलं, की तो ताल मोडतो आणि बारीक, अनियमित, वेडीवाकडी रेघ सुरू होते. जागा, विचार करणारा, माणसं ओळखणारा मेंदू कागदावर असाच दिसतो. प्रत्येक पेशीसमूह आपापलं काम करतोय, म्हणून बेरीज खडबडीत.

तुझा ईईजी, म्हणजे अशाच लहरींचा कागद, कपाटातल्या निळ्या फायलीत आहे. तू तो कधी नीट पाहिला नाहीस, मी पाहिलाय. सगळ्या तारांवर एकाच क्षणी अणकुचीदार टोकं आणि मागून लाट, सेकंदाला चार ते सहा, या कानापासून त्या कानापर्यंत हुबेहूब. इतकी सुबक आकृती त्या अख्ख्या कागदावर दुसरीकडे नाही. झटका म्हणजे हेच, मुक्ता. वेगवेगळं बोलायच्या पेशी एकदम एकाच तालात ओरडू लागतात, म्हणून हात उडतो, कप पडतो, शुद्ध जाते. तुझ्या मेंदूत गोंधळ नाही. अधूनमधून तिथे नको तेवढी लय येते. १२० अंशांचं सूर्यफूल.

हृदयाचंही असंच काहीसं. निरोगी हृदय श्वास घेताना जरा भरभर चालतं, सोडताना जरा सावकाश. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, आणि ते बदलणं फार कमी झालं तर डॉक्टर काळजीत पडतात. दुसऱ्या टोकाला ठोक्यांचा पुरता विस्कोटही मारतो. तब्येत या दोहोंच्या मध्ये असते, आणि मधली जागा प्रत्येक अवयवाची वेगळी.

आणि म्हणून गोळी. आईला सांगू नकोस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती लयीच्या आड येत नाही, ती त्या नकोशा लयीच्या आड येते, आणि तिचं कामच ते आहे. तुझ्या गोळीतलं औषध, लेव्हेटिरॅसिटाम, चेतापेशींच्या टोकाशी असलेल्या रसायनाच्या सूक्ष्म पिशव्यांवर एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पेशींचं एकसाथ भडकणं आवरतं. रक्तातलं तिचं प्रमाण सहा ते आठ तासांत निम्मं होतं. म्हणून सकाळी ५०० मिलिग्रॅम आणि रात्री ५००, बारा तासांच्या अंतराने. एक दिवस पूर्ण चुकला की जेमतेम आठवा ते सोळावा हिस्सा उरतो. दोन दिवसांत जवळजवळ काहीच नाही. तुला वाटेल, बघा, गोळी सोडली आणि डोकं कसं हलकं झालं. ते हलकेपण खरं असेल. या औषधाने चिडचिड होते, सुस्ती येते, हे ते लिहून देणाऱ्यांनाही माहीत असतं. तू ते गेल्या वर्षापासून सांगतेस आणि आम्ही "सवय होईल" म्हणत राहिलो. डॉक्टरांना स्पष्ट सांग. मात्रा बदलता येते, दुसरं औषध असतं, पण नवं चढवत जुनं हळूहळू उतरवायचं असतं, आठवड्यांच्या हिशेबाने. एकदम सोडलं तर झटका नुसता परत येत नाही, कधी कधी थांबतच नाही. तुझ्या प्रकारच्या आजारात वर्षानुवर्षं झटका आला नसला तरी गोळी सोडल्यावर बहुतेकांना तो परत येतो. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरलोय, म्हणून लिहितोय.

शिबिराच्या वेळापत्रकात पहाटे साडेतीनला उठणं आहे, आठवड्यातून एक रात्र अखंड जागर आहे आणि रोज वीस मिनिटं भस्त्रिका आहे. यातला जागर तुझ्यासाठी सगळ्यात वाईट. बारावीला पहिला झटका आला तो जागरणानंतरच्याच सकाळी. भस्त्रिकेचं कारण वेगळं आहे. जोरजोराने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी चटकन भडकतात. ईईजी काढताना तुला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावला होता ना, तो ती नकोशी लय बाहेर काढून बघायलाच. तेच तू वीस मिनिटं, उपाशीपोटी, झोप झालेली नसताना करणार? अनुलोम-विलोम सावकाश कर, बैठक कर, नामस्मरण कर, तासन् तास कर. रात्री सात तास झोप मागून घे. तुझं कारण ऐकूनही जे देणार नाहीत, त्यांना लयीबद्दल फार थोडं कळतं.

नदीत एकटी उतरायचं नाही. घाटावर गुडघाभर पाण्यातही नाही. आंघोळ बादलीने, कडी न लावता. यज्ञकुंडाजवळ बसताना मागच्या ओळीत. बयोआत्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, आणि तिच्या अंगात येतं म्हणून घरातल्यांनी किती वर्षं नुसते नारळ फोडले तेही. साधारण २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलं की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त दैवी नाही. आपल्याकडे चरकानेही अपस्मार रोगांतच घातला आणि त्याला औषधं सांगितली. त्या काळी बयोआत्याला द्यायला आपल्याकडे काही नव्हतं असंही नाही, औषधं मिरजेतच मिळत होती.

पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस. तू देवाच्या शोधात निघालीस याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या घरात वारी होती, आजी पहाटे काकडआरतीला उभ्या राहायच्या, आणि तुझ्यात ते आलंय हे बघून मी कितीदा मनात हात जोडले असतील. थेंबाला फूल माहीत नसताना तो फुलाच्या कोनात जाऊन बसतो, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवूनही मला पुरतं उमगलेलं नाही, आणि न उमगण्यात जी भीड वाटते ती मंदिरात वाटते तीच आहे. ती भीड तुझ्या-माझ्यात एकच आहे. तू तिथे राहा, चाळीस दिवस पूर्ण कर. फक्त मला सांग की सकाळची घेतलीस.

तुझ्या खोलीतल्या मुलीला सोबतचा लहान कागद दे. तिला भीती वाटेल, म्हणून सोपं लिहिलंय. झटका आला की घड्याळ बघायचं. आजूबाजूचं टणक सामान बाजूला सारायचं, डोक्याखाली शाल घालायची, कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, बोट तर मुळीच नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, त्याने काही होत नाही आणि वेळ जातो. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर गाडी काढून थेट दवाखाना. डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा निळ्या पाऊचमध्ये आहे, तो कुठे ठेवलास ते तिला दाखवून ठेव.

पार्सलमध्ये पत्रा, गज, राळ, रांगोळीची पुडी आणि आईने केलेल्या डिंकाच्या वड्या आहेत. पत्र्याच्या दोन कडा अजून धारदार आहेत, पॉलिश पेपर मारून घे, मगच गज लाव. दादाची नवी नोकरी लागली, पुण्यात, तो स्वतः लिहील.

तुझे,
बाबा

ता. क. वड्यांच्या डब्यात तळाशी गोळ्यांच्या सहा पट्ट्या आहेत, दहा-दहाच्या. तुझ्याकडच्या पट्ट्या २५ तारखेला संपतात असा आईचा हिशेब आहे. त्याआधीच संपल्या असतील किंवा बऱ्याच उरल्या असतील, तर ऑफिसातल्या फोनवरून कळव. रात्री अकरापर्यंत कधीही कर. मी काही बोलणार नाही, तू आकडा सांग.